गीझर बंद करावा की चालू ठेवावा?

डिसेंबर उजाडला, पाषाण-शिवाजीनगरचा पहाटेचा पारा दहाच्या आसपास घुटमळू लागला, की पुण्यातल्या घराघरांत एक वाद ठरलेला असतो. गीझर दिवसभर चालू ठेवायचा, की आंघोळी उरकल्या की बटण बंद करायचं? "सारखं बंद-चालू केलंस तर उलट जास्त वीज लागते, गार झालेलं पाणी पुन्हा तापवावं लागतं ना!" असं कुणीतरी म्हणतंच. मिनियापोलिस किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या घरीही हिवाळ्यात हाच वाद होतो, फक्त तिथे गीझरच्या जागी अख्खं घर असतं. रात्री झोपताना घराचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट 21 अंशांवरून 16वर आणला, तर सकाळी घर पुन्हा तापवण्यात वाचलेलं सगळं परत जातं का?

नाही जात. दोन्हीकडे उत्तर एकच आहे, आणि त्यामागचा नियम तीनशे वर्षांहून जुना आहे. 1701 साली न्यूटनने स्वतःचं नाव न घालता एक छोटा लॅटिन लेख प्रसिद्ध केला. त्यात त्याने मांडलं होतं, की गरम वस्तू किती वेगाने निवते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. फरक दुप्पट, तर उष्णता निसटण्याचा वेगही साधारण दुप्पट.

बुडाशी बारीक भोक असलेली बादली डोळ्यांपुढे आणा. काठोकाठ भरली असेल तर ती जोरात गळते, पातळी उतरली की धार बारीक होते. रात्रभर ती काठोकाठ ठेवायची, तर नळ सतत थोडा सोडून ठेवावा लागेल. त्याऐवजी ती गळू दिली आणि सकाळी एकदम भरली, तर सकाळी पाणी भरपूर लागल्यासारखं वाटतं, पण रात्रभरातली एकूण गळती कमीच झालेली असते. सकाळी भरायचं असतं ते फक्त गळून गेलेलं पाणी. उष्णतेचंही तसंच. सकाळी गीझरचा लाल दिवा बराच वेळ पेटलेला दिसतो, म्हणून तो जास्त वीज खातोय असं वाटतं. रात्रभर अधूनमधून पेटून विझलेला दिवा मात्र कुणी पाहिलेला नसतो.

तो दिवा पेटवणारा-विझवणारा थर्मोस्टॅट जवळून पाहण्यासारखा आहे. बऱ्याच गीझरमध्ये ती एक लांब दांडी असते. बाहेर पितळेची नळी, आत इन्वार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची सळई. पितळ तापलं की लांबतं, इन्वार जवळजवळ लांबतच नाही. पाणी तापलं की नळी वाढते, सळई मागे राहते आणि तेवढ्या केसभर फरकाने 'टक्' आवाज होऊन वीज तुटते. इन्वार शोधणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना 1920चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या शोधाचा एक तुकडा आपल्या न्हाणीघरात निमूटपणे काम करत असतो. या दांडीला फक्त 'थांब' आणि 'चल' एवढंच कळतं. म्हणून गीझरचा कान शेवटपर्यंत पिळला की पाणी लवकर तापतं, हा समज चुकीचा आहे. दोन किलोवॉटची कॉइल दोन किलोवॉटच देणार, फक्त उशिरा थांबणार. घरातल्या हीटिंगचंही बहुतेक ठिकाणी असंच असतं. गारठून घरी आल्यावर थर्मोस्टॅट 28वर नेला म्हणून खोली 21पर्यंत लवकर पोचत नाही.

आता पुण्याच्या गीझरचा हिशेब करू. 15 लिटरची टाकी, नळाचं पाणी आणि न्हाणीघर 20 अंशांना, गीझर 60वर. एवढं पाणी तापवायला साधारण 0.7 युनिट लागतं, दोन किलोवॉटच्या कॉइलला एकवीसेक मिनिटं. गीझरवरच्या स्टार लेबलवर चोवीस तासांत नुसती उभ्या-उभ्या किती उष्णता जाते तेही छापलेलं असतं, 45 अंशांचा फरक धरून. समजा तो आकडा 0.45 युनिट आहे. आपला फरक 40चा, म्हणजे दिवसाला 0.4 युनिट. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहा या बावीस तासांत, चालू ठेवलेला गीझर त्यातलं 0.37 युनिट गमावतो.

पण टाकी गरम पाण्याने भरलेली असताना बटण बंद केलं तर? पाणी हळूहळू निवत दुसऱ्या पहाटे 44 अंशांच्या आसपास येतं आणि 0.28 युनिट जातं. वाचलं जेमतेम 0.09. "फारसा फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, तो इथून येतो. गीझरचं उष्णता अडवणारं अस्तर चांगलं असेल तर पाणी निवतच नाही फारसं, मग बचत कुठून होणार?

खरी मेख बटण कधी बंद केलं यात आहे. शेवटचा माणूस आंघोळीला शिरतानाच ते बंद केलं, तर टाकीतलं गरम पाणी वापरलं जातं, तिच्यात गार पाणी भरतं आणि ते दिवसभर गारच पडून राहतं. फरकच नाही, तर गळतीही नाही. जवळजवळ सगळं 0.37 युनिट वाचतं, महिन्याला अकरा युनिटं. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांवर दराची पायरी बदलते, तिथे काठावर असलेल्या घराला ही अकरा युनिटं चांगलीच जाणवतात.

तिकडच्या घरांचं गणितही याच धाग्याने जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा, की रोज आठ तास थर्मोस्टॅट 7 ते 10 फॅरनहाइट, म्हणजे 4 ते साडेपाच सेल्सिअस अंशांनी खाली ठेवला तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. पातळ भिंतींचं, फटीफटींतून वारा येणारं घर रात्री भराभर निवतं, तिथे बचत मोठी. आपल्या जुन्या वाड्यांसारख्या जाड भिंतींचं किंवा उत्तम अस्तर असलेलं घर पहाटेपर्यंत एखाद-दोन अंशच उतरतं, तिथे बचतही तेवढीच. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारं यंत्र, असलेल्या घरात वेगळी अडचण येते. सकाळी एकदम पाच अंश चढायचे म्हटलं की काही यंत्रं मदतीला साधी विजेची कॉइल चालू करतात, आणि ती तेवढ्याच उष्णतेला कितीतरी जास्त वीज खाते. तिथे एक-दोन अंशच उतरवावेत, किंवा पहाटे हळूहळू चढवावेत.

आणि घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणसं असतील तर 16चा हट्ट धरूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2018मध्ये थंड हवेच्या देशांतल्या घरांसाठी 18 अंश हे सुरक्षित किमान तापमान सुचवलं आहे. नातवंडं सांभाळायला गेलेल्या आजी-आजोबांनी "तुमचे पैसे जातील" म्हणून कुडकुडत बसू नये, हे मला मनापासून सांगायचं आहे. तशीच कळकळीची गोष्ट इकडची. गॅस गीझरला टाकी नसते, त्यामुळे उभ्या-उभ्या गळतीचा प्रश्न नाही. पण ऊब टिकावी म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद केली तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बऱ्याचदा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. तो गीझर न्हाणीघराच्या बाहेरच बसवावा.

या सगळ्या गळतीपेक्षा मोठा खर्च आपण अंगावर ओततो तो. 20 अंशांचं पाणी 40वर नेऊन भरलेली 15 लिटरची बादली 0.35 युनिटात पडते. मिनिटाला आठ लिटर देणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर 80 लिटर, म्हणजे जवळपास 1.9 युनिट.

गच्चीवर सोलर असलेल्या सोसायट्यांनी याच नियमाने आपल्या बॅकअप कॉइलकडे, म्हणजे ऊन कमी पडलं तर पाणी तापवणाऱ्या विजेच्या कॉइलकडे, एकदा बघावं. ती रात्रभर चालू असली, तर निरभ्र थंड आभाळाखालची टाकी विजेवर गरम राहते, रात्रभर गळते, आणि सकाळी ऊन आलं तरी पाणी आधीच तापलेलं असल्याने उन्हाला काम उरत नाही. साध्या टायमरने कॉइल पहाटे, आंघोळींच्या तासभर आधी लावावी. आदला दिवस उन्हाचा गेला असेल तर बहुतेक वेळा तिचीही गरज लागत नाही.