अंतराळ अनुकूलन, मेंदूचे

पृथ्वीच्या कक्षेतील भारहीनतेशी मेंदू ज्या प्रक्रियेने जुळवून घेतो, तिला अंतराळ अनुकूलन म्हणतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हा समज चुकीचा आहे. ते तिथेही जमिनीवरच्या जवळपास नऊ-दशांश असते. यान आणि माणूस एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही.

पहिला गोंधळ आतल्या कानात होतो. तिथल्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक खड्यांचा थर असतो. डोके कलले की खडे स्वतःच्या वजनाने सरकतात आणि 'खाली' कुठे हे मेंदूला कळते. कक्षेत त्यांची ही खबर थांबते. डोके वळल्याची खबर देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका मात्र काम करतच राहतात. या साक्षी डोळ्यांशी जुळेनात की मळमळ, उलट्या सुरू होतात. घाटात गाडी लागते, त्याच जातीचा हा त्रास. पण ज्याला गाडी कधीच लागत नाही त्यालाही तो होऊ शकतो. ऑगस्ट १९६१ मध्ये 'वस्तोक-२' या सोव्हिएत यानातून गेलेला गेर्मान तितोव हा पहिला ज्ञात रुग्ण, आणि तो तर लढाऊ वैमानिक होता. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो, कारण मेंदू खड्यांकडे दुर्लक्ष करून डोळ्यांवर अधिक भिस्त ठेवू लागतो.

सवय मात्र त्याहून चिवट असते. १९९८ च्या 'न्यूरोलॅब' या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांना वरून एकसारख्या वेगाने येणारा चेंडू झेलायला सांगितले. पृथ्वीवर पडणारा चेंडू वेग घेतो, हे मेंदूने गृहीत धरलेले. त्यामुळे डोळ्यांना चेंडू नीट दिसत असूनही हाताचे स्नायू वेळेआधीच ताठरत. मेंदू गुरुत्वाकर्षण नुसते जाणत नाही, त्याचा हिशेब आधीच मांडून ठेवतो, याचा इतका साधा पुरावा दुसरा क्वचितच असेल.

मेंदूची जागाही बदलते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय अभ्यासात दीर्घ मोहिमांवरून परतलेल्या १८ पैकी १७ जणांच्या मेंदूतील मध्यवर्ती खाच अरुंद झालेली दिसली, आणि मेंदू कवटीत वर सरकल्याचेही आढळले.

परतल्यावर हाच प्रवास उलटा करावा लागतो. तोल जातो, कोपऱ्यावर वळताना अंदाज चुकतो. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी २०२५ मध्ये परतल्यावर लॅपटॉप बंद करून पलंगाच्या कडेला सहज सोडून दिला, तो तरंगेल या समजुतीने. खाली गालिचा होता, म्हणून तो वाचला.