पाणलोट क्षेत्र आणि लाभक्षेत्र : मुलांना फरक कसा दाखवावा

पैठणला चार दिवस ऊन पडलेले असते आणि नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पातळी मात्र चढत असते. ऑगस्टमध्ये असे अनेकदा घडते, कारण ते पाणी पैठणच्या आभाळातून आलेलेच नसते. ते येते नाशिक आणि अहिल्यानगरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून, गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा या नद्यांमधून. तरीही सातवी-आठवीच्या मुलांना ‘जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र नकाशावर दाखवा’ म्हटले, की अनेकांचे बोट जालना-परभणीकडे जाते. धरणाचे पाणी तिकडे जाते, म्हणून तेच धरणाचे क्षेत्र, असा त्यांचा समज असतो. मुले दाखवतात ते लाभक्षेत्र.

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत एका ठरावीक बिंदूशी येतो, ती सगळी जमीन त्या बिंदूचे पाणलोट क्षेत्र. धरणाचे किंवा कालव्याचे पाणी ज्या जमिनीला देता येते, ती लाभक्षेत्रात मोडते. पहिल्याची हद्द उतार ठरवतो. दुसऱ्याची हद्द कालव्याची रेषा, त्याची पातळी आणि पाटबंधारे खात्याचे नियोजन ठरवते. जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे आणि ते धरणाच्या वरच्या अंगाला, थेट त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत पसरले आहे. लाभक्षेत्र खालच्या अंगाला आहे. २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना, परभणीकडे जातो आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात माजलगावकडे जातो.

खरा गोंधळ याच्या पुढे आहे आणि शिकवताना तो टाळू नये. श्रीरामपूरचे एखादे शेत घ्या. त्याला पाणी मिळते भंडारदऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रवरा कालव्यातून, म्हणून ते त्या व्यवस्थेच्या लाभक्षेत्रात येते. त्याच शेतात पडलेला पाऊस ओढ्याने पुढे प्रवरेत किंवा गोदावरीत जाऊन पैठणला पोहोचतो, म्हणून तेच शेत जायकवाडीच्या पाणलोटातही आहे. यात विरोध काही नाही. म्हणून मुलांना पहिल्या तासापासून दोन प्रश्नांची सवय लावावी: पाणलोट म्हटले की ‘कोणत्या बिंदूचे?’ आणि लाभक्षेत्र म्हटले की ‘कोणत्या कालव्याचे?’ बिंदू न सांगता विचारलेला पाणलोटाचा प्रश्न अपुरा असतो. नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा वादही एकाच खोऱ्यातल्या अशा एकात एक बसलेल्या क्षेत्रांमुळे उभा राहतो. नववी-दहावीच्या मुलांना तो समजावून सांगता येतो, आणि सांगावाच.

पाणलोटाची हद्द मुलांनी स्वतः काढली पाहिजे. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. गावाजवळचा एखादा पूल किंवा बंधारा बिंदू म्हणून ठरवावा. त्या बिंदूला येऊन मिळणारे सगळे ओढे निळ्या पेन्सिलीने वरपर्यंत गिरवावेत. मग भोवतालच्या टेकड्यांचे माथे टिंबांनी दाखवावेत आणि बिंदूपासून निघून माथ्या-माथ्यावरून पुन्हा त्याच बिंदूवर येणारी लाल रेषा काढावी. ही रेषा समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदते आणि बिंदू सोडून कुठेही ओढा ओलांडत नाही. ओढा ओलांडला असेल तर रेषा चुकली, एवढी एक तपासणी मुलांना पुरते. समोच्च रेषांची टोके चढाकडे वळली असतील तर तिथे ओढा आहे आणि उताराकडे वळली असतील तर डोंगराची सोंड आहे. मुले नेमकी हीच बाजू उलटी धरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे गावाची शीव हीच पाणलोटाची हद्द मानणे. पाऊस शीव पाहून वाहत नाही. एका गावात दोन-तीन ओढ्यांचे पाणलोट असू शकतात आणि एका ओढ्याच्या पाणलोटात चार गावे.

क्षेत्रफळासाठी पारदर्शक आलेख कागद वर ठेवावा. या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, म्हणून १ सेंटिमीटरचा एक चौकोन २५ हेक्टरचा होतो. अर्ध्याहून जास्त आत आलेले चौकोन मोजायचे, बाकीचे सोडायचे. मग हिशेब: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १०० हेक्टरवर २० मिलिमीटर पडला तर २ कोटी लिटर. हे सगळे ओढ्यात येत नाही. काही जिरते, काही वाफ होऊन जाते. पण हा आकडा फळ्यावर आला की बांध आणि समतल चर कशासाठी खणतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लाभक्षेत्र शिकवायला कालव्याची पातळी समजावी लागते. कालवा जवळपास समोच्च रेषेने, अगदी मंद उताराने नेतात, म्हणजे त्याच्या खालच्या बाजूच्या जमिनीला पाणी आपोआप उतरते. जायकवाडीचा डावा कालवा घेतला तर कालवा आणि गोदावरी यांच्या मधली जमीन भिजते. कालव्याच्या वरच्या अंगाचे शेत अगदी शेजारी असले तरी उपशाशिवाय त्याला पाणी नाही. मुले धरणाजवळचे प्रत्येक शेत लाभक्षेत्रात धरतात, ती चूक इथे सुटते. धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन ही तिसरीच गोष्ट, ते बुडीत क्षेत्र.

वर्गात दोन्ही एकाच ट्रेमध्ये दाखवता येते. साधारण ६० सेंटिमीटर लांब ट्रेत चिकण माती भरून दोन डोंगररांगा आणि मधली दरी करावी, वरचे टोक ३-४ सेंटिमीटर उचलावे आणि दरीत मातीचा बांध घालावा. भोके पाडलेल्या बाटलीने हलका पाऊस पाडावा. धार जोरात सोडली तर डोंगरच वाहून जातात. वर प्लॅस्टिक अंथरले असेल तर त्याच्या घड्या खोट्या डोंगररांगा तयार करतात, म्हणून माती उघडीच ठेवलेली बरी. मग बांधाच्या बाजूने स्ट्रॉ घालून पुढे कालवा कोरायला सांगावे. बहुतेक गट तो दरीच्या मधोमध कोरतात. त्याची नदीच होते, बाजूची जमीन कोरडी राहते. कालवा दरीच्या कडेने, पूर्ण लांबीत अर्धा सेंटिमीटर उतार देऊन कोरला की खालची माती भिजते. उतार तपासायला गवंडी वापरतात तसा लेव्हल पाइप द्यावा.

सहलीही दोन वेगळ्या काढाव्यात. शाळा साधारणपणे धरणाची भिंत दाखवून परततात. भिंत बघण्यात चूक नाही, पण तिथून दोन्ही क्षेत्रांपैकी एकही नीट कळत नाही. पाणलोटाची सहल पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, माथ्यापासून पायथ्याकडे न्यावी. माथ्यावर उभे राहून दोन्ही बाजूंचे ओढे ओळखायला लावावेत. नकाशावर काढलेली लाल रेषा इथे तपासून पाहावी, विशेषतः सपाट पठारावर. तिथे २० मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा फारसे सांगत नाहीत आणि रस्त्याकडेचा चर पाणी भलत्याच ओढ्यात नेऊन सोडतो.

लाभक्षेत्राची सहल रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना काढावी आणि आवर्तनाची तारीख पाटबंधारे शाखेत विचारून घ्यावी. मुख्य कालव्याच्या काठावर मुलांना नेऊ नये. अस्तरीकरण केलेल्या तिरप्या, शेवाळलेल्या बाजूंवरून पाय घसरला तर वर येता येत नाही. मोजमाप शेतचारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या चरावर, करावे: सरळ १० मीटरचा तुकडा निवडून त्यात लिंबू सोडायचे आणि लागणारे सेकंद मोजायचे. ५० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल चारीत लिंबाला २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जलद वाहते, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणायचे आणि मग चारीच्या रुंदीने व खोलीने. उत्तर येते सेकंदाला सुमारे २५ लिटर, म्हणजे एका क्युसेकपेक्षा (सेकंदाला एक घनफूट) थोडे कमी. हेच मोजमाप वितरिकेच्या (मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या उपकालव्याच्या) सुरुवातीच्या चारीवर आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, चारीवर करून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. टेलला पाणी कमी का येते, हे मुलांनी तिथल्याच शेतकऱ्यांना विचारावे: गळती, मधला उपसा, मोडकी दारे, पाळी न पाळणे.

शेवटच्या तासाला कोयनेचा नकाशा द्यावा. शिवाजीसागराचे पाणलोट कृष्णेच्या खोऱ्यात, पूर्वेकडे उतरणारे. वीज तयार केल्यावर ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला वाशिष्ठीत, चिपळूणच्या बाजूला सोडले जाते. लाल रेषा ओलांडून पाणी कसे गेले, हे मुलांना त्या नकाशावर दाखवायला सांगावे.