जर्मन युद्धकागदांतले संक्षेप: कुठून आले, कसे उलगडले

जर्मन सैन्याच्या जुन्या कागदावर रोमन चार आणि त्याला चिकटून लहान लिपीतला 'डी' दिसला, तर तो डिव्हिजनचा पाद्री. तोच रोमन चार आणि मोठा 'डी' जर 'श्टालाग' या शब्दामागे आला, तर तो टोर्गाऊचा युद्धकैद्यांचा तळ. पहिल्या ठिकाणी चार म्हणजे मुख्यालयातला विभाग, दुसऱ्या ठिकाणी ड्रेस्डेनचा लष्करी जिल्हा. नुसता शब्दकोश उघडून हा घोळ सुटत नाही. कागद कोणत्या टेबलावरून निघाला हे आधी शोधावं लागतं, आणि ती टेबलं हिटलरच्या कितीतरी आधीपासून मांडलेली होती.

प्रशियाच्या जनरल स्टाफने १९व्या शतकात मुख्यालयाच्या कामाची जी वाटणी रुळवली, तिचा सांगाडा पुढे वेरमाख्टने, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्यानेही वापरला. रोमन एकचे तीन अधिकारी: 'आ' लढाईच्या हालचाली ठरवणारा, 'बे' रसद पाहणारा, 'त्से' शत्रूची माहिती गोळा करणारा. दोन म्हणजे नेमणुका आणि बढत्या, तीन म्हणजे लष्करी न्यायालय. चारमध्ये कोठी-पगाराचा हिशेब, डॉक्टर, पशुवैद्य आणि शेवटी तो पाद्री. पशुवैद्याला स्वतंत्र खूण कशाला, असं रणगाड्यांचे फोटो पाहून वाटेल. पण १९४१ च्या जूनमध्ये रशियावर चालून गेलेल्या या सैन्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते.

तुकड्यांची नावं लिहायची रीतही अशीच काटेकोर. तिरप्या रेघेआधी रोमन आकडा असेल तर बटालियन, साधा आकडा आणि टिंब असेल तर कंपनी, रेघेनंतर रेजिमेंट. ब्रिटिश-भारतीय सैन्यात मात्र '२/५ मराठा' म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. जर्मन कारकुनाने '२./५' लिहिलं असतं तर ती जेमतेम दीडशे-दोनशे माणसांची कंपनी ठरली असती. ही २/५ मराठा १९४२ च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा तिथेच होती आणि कैदेत गेली. जर्मनीतला भारतीय कैद्यांचा एक मोठा तळ आन्नाबुर्गला होता. कागदावर तो 'श्टालाग चार-डी/झेड', म्हणजे टोर्गाऊचीच शाखा. सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारतीय पलटणीत तिथले कैदीही भरती झाले. जर्मन दप्तरात ही पलटण 'पायदळ रेजिमेंट ९५०' या नावाने सापडते, पुढे कंसात फक्त 'इंड.'. आपल्याकडच्या एखाद्या घरातला जुना माणूस या कागदांत शोधायचा, तर त्या कंसावर नजर ठेवावी लागते.

हे उलगडण्याची गरज पहिल्या महायुद्धातच पडली. पकडलेले आदेश आणि सैनिकांची पगारपुस्तकं वाचता यावीत म्हणून ब्रिटिश जनरल स्टाफने जर्मन लष्करी संज्ञा आणि संक्षेपांचा कोश छापला. त्याची १९१८ ची आवृत्ती आजही अभ्यासक वापरतात. त्या युद्धातले मूळ प्रशियन कागद मात्र फारसे उरले नाहीत. पोट्सडॅमच्या लष्करी दप्तरखान्यात ते होते आणि १९४५ च्या एप्रिलमधल्या बॉम्बहल्ल्यात जळाले. वाचलं त्यात हाताने लिहिलेलं पुष्कळ, तेही कुरेंट किंवा झ्यूटरलीन या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणाचं. आपल्याकडे पणजोबांचा मोडी कागद घरात असतो आणि वाचणारा कुणी नसतो, तशीच तिथल्या नातवंडांची गत. झ्यूटरलीन प्रशियाच्या शाळांत १९१५ पासून शिकवू लागले आणि १९४१ च्या जानेवारीत नाझी पक्षाचा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या परिपत्रकाने जुन्या वळणाच्या लिप्यांवरच गदा आली.

दुसऱ्या महायुद्धात हे काम कारखान्यासारखं चाललं. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रातल्या 'हट ३' मध्ये फोडलेल्या संदेशांचं भाषांतर होई. तिथे विद्यापीठांत जर्मन शिकवणारी मंडळी होती, पण कवितेतली जर्मन आणि तोफखान्याची जर्मन यांचा काय संबंध? म्हणून प्रत्येक तुकडी, अधिकारी, यंत्राचा भाग यांची कार्डं करून ठेवली. एखादा संक्षेप पहिल्यांदा आला की कोडं. चार वेगवेगळ्या संदेशांत आला की अर्थ हाती लागे. अमेरिकेत १९४२ पासून मेरीलँडच्या कॅम्प रिचीत प्रशिक्षण सुरू झालं. शिकणाऱ्यांत नाझी छळामुळे देश सोडून आलेले ज्यू तरुण होते. अमेरिकन युद्ध खात्याने १९४३ मध्ये संक्षेपांची पुस्तिका आणि १९४४ मध्ये जर्मन लष्करी शब्दकोश काढला. युद्धानंतर पकडलेले कागद अमेरिकेत मायक्रोफिल्म झाले आणि बहुतेक मूळ प्रती पश्चिम जर्मनीला परत गेल्या. आज त्या फ्रायबुर्गच्या लष्करी दप्तरखान्यात आहेत. सोव्हिएत फौजांच्या हाती लागलेले गठ्ठे मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कला राहिले.

कोश हाताशी असूनही माणूस फसतो. 'व्ही. बी.' म्हणजे तोफखान्याचा पुढे जाऊन बसलेला निरीक्षक, आणि नाझी पक्षाचं वर्तमानपत्र 'फोल्किशर बेओबाख्टर' हेही 'व्ही. बी.'च. 'आब्टाइलुंग' हे मंत्रालयात खातं, पण रणगाडा दळात बटालियन. यंत्राने केलेलं भाषांतर इथे बिनदिक्कत रणगाड्यांचं 'खातं' आघाडीवर पाठवतं. उलट टेबल बरोबर ओळखलं तर मोठं घबाड हाती लागतं. सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय कमिसारांना पकडताच ठार मारण्याचा आदेश जून १९४१ मध्ये निघाला. तो आम्ही खाली जाऊच दिला नाही, असं कित्येक जर्मन सेनापती युद्धानंतर सांगत राहिले. पण गोळ्या घातलेल्या कमिसारांची संख्या कळवण्याचं काम त्या 'एक-त्से' टेबलाकडे होतं. फेलिक्स र्‍योमर या इतिहासकाराने त्या टेबलाचे अहवाल डिव्हिजनमागून डिव्हिजन तपासले, आणि आदेश बहुतेक ठिकाणी पोचला होता व पाळलाही गेला होता, हे २००८ मध्ये मांडलं.

इथपर्यंतचे संक्षेप वेळ वाचवण्यासाठी होते. दुसरी जात लपवण्यासाठी घडवलेली, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते. 'झोंडरबेहान्डलुंग', शब्दशः 'विशेष वागणूक', म्हणजे खटल्याविना ठार मारणं. १९४६ मध्ये नुरेंबर्गच्या खटल्यात नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख एर्न्स्ट काल्टेनब्रुनर याला या शब्दाबद्दल विचारलं, तर त्याने दोन हॉटेलांत ठेवलेल्या बड्या कैद्यांची सरबराई आणि शॅम्पेनच्या बाटल्यांची गोष्ट सांगितली. एस. एस. या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर याने १९४२ मध्ये 'पार्टिझान', म्हणजे गनिमी लढवय्या, हा शब्दच बंद केला आणि त्याजागी 'दरोडेखोर' आणला. त्यामुळे त्यानंतरच्या अहवालात 'दरोडेखोर ठार' असं लिहिलेलं असेल, तर मेलेल्यांच्या हातात बंदूक होती की नाही हे त्या वाक्यावरून ठरत नाही. शेजारच्या रकान्यात जप्त हत्यारं किती, ते पाहावं लागतं.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण एका तारेत आहे. ११ जानेवारी १९४३ ला लुब्लिनहून हेर्मान ह्योफले या एस. एस. अधिकाऱ्याने क्राकोला पंधरवड्याचा हिशेब पाठवला. ब्रिटिशांनी तो पकडला, फोडलाही. त्यात 'आइनझात्स राइनहार्ट' (पोलंडमधल्या ज्यूंना मारण्याच्या मोहिमेचं नाव) असा मथळा, 'आवक' असा शब्द आणि एल, बी, एस, टी ही चार अक्षरं. दुकानाच्या साठ्याचा हिशेब वाटावा असा मजकूर. तेव्हा त्याचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नसावा. कागद फायलीत गेला तो २००० मध्ये लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडला आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. एल म्हणजे लुब्लिनचा मायदानेक तळ, बाकीची अक्षरं बेल्झेत्स, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका यांची. 'आवक' म्हणजे तिथे मारायला आणलेले ज्यू.

तारेतले १९४२ अखेरपर्यंतचे आकडे असे: एल २४,७३३, बी ४,३४,५०८, एस १,०१,३७०, टी ७१,३५५, एकूण १२,७४,१६६. बेरीज जुळत नाही. ट्रेब्लिंकाच्या आकड्यातला एक पाच गळला आहे. तिथे ७,१३,५५५ धरले की हिशेब एकाही माणसाचा फरक न पडता बसतो. एस. एस.चा संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड कोरहेर याच्या १९४३ च्या अहवालातही हीच बेरीज येते. त्या अहवालात 'विशेष वागणूक' हे शब्द कुठेही नकोत, असं हिमलरने एप्रिलमध्ये कळवलं होतं. म्हणून तिथे ही १२,७४,१६६ माणसं 'तळांमधून पुढे काढलेली' आहेत.