डोक्यातली प्रत्येक गाठ कापावी लागत नाही

मेंदूत गाठ निघाली म्हणजे कवटी उघडावीच लागणार, हा समज बीड-परभणीपासून लातूर-नांदेडपर्यंत इतका मुरलेला आहे की, एमआरआयचा अहवाल हाती पडताच काही घरांत जमीन विकण्याची बोलणी सुरू होतात. प्रत्यक्षात गाठीचा प्रकार, जागा, आकार आणि रुग्णाला होणारा त्रास पाहूनच उपचार ठरतो. मेंदूच्या आवरणात वाढणारा मेनिंजिओमा लहान असून त्रास देत नसेल, तर ठरावीक अंतराने एमआरआय काढून त्यावर बहुधा केवळ लक्ष ठेवले जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतील प्रोलॅक्टिनोमा, ज्यात स्त्रीची पाळी थांबते आणि बाळंतपणाशिवाय दूध येऊ शकते, तो तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येतो. शिवाय पहिल्यांदाच आकडीचा झटका आलेल्या रुग्णाच्या स्कॅनवर दिसणारी वाटोळी कडी आपल्या देशात पुष्कळदा ट्यूमरची नसतेच. ती क्षयाची किंवा फीतकृमीच्या अळीची असते आणि औषधांनी विरघळू शकते.

मात्र यावरून शस्त्रक्रिया टाळत राहणे हे मला मूळ समजापेक्षाही घातक वाटते. सकाळी डोके दुखून उलट्या होणे, नजर अंधूक होणे, एका बाजूची ताकद जाणे, अशी लक्षणे असतील तर न्यूरोसर्जनकडे त्याच दिवशी जावे. मेंदूच्या आधारपेशींतून वाढणारा ग्लिओमा बहुधा शक्य तितका काढून, काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनंतर रेडिएशन व केमोथेरपीचे ठरते; रेडिएशनची सोय छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही आहे.