दिवसाला एक फूट

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात, डॉनर खिंडीजवळ, 1,659 फूट लांबीचा रेल्वेचा एक बोगदा आहे. आजच्या यंत्रांपुढे हे काम किरकोळ. पण 1866-67 साली तो खोदणारे लोक दिवसभर राबून जेमतेम फूटभर पुढे सरकत. दोन टोकांकडूनच खोदत राहिलं असतं तर फार वेळ गेला असता, म्हणून डोंगराच्या मध्यावर वरून विहिरीसारखा एक खड्डा खाली नेला आणि तळापासून दोन्ही दिशांना खोदायला सुरुवात केली. एका वेळी चार तोंडांवर घण पडू लागले. ते चालवणारे जवळजवळ सगळे चिनी होते.

हा दगड ग्रॅनाइट. जमिनीखाली खोल, अतिशय सावकाश थंड झालेल्या शिलारसातून तो बनतो, त्यामुळे त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यातलं क्वार्ट्झ हे खनिज साध्या पोलादापेक्षाही कठीण. एक जण पोलादी पहार धरून बसायचा, दोघे आळीपाळीने तिच्या डोक्यावर घण घालायचे, आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. मिणमिणत्या उजेडात घाव चुकला तर पहार धरणाऱ्याचा हात ठेचला जायचा. पहारींची टोकं सतत बोथट होत, लोहार त्यांना पुन्हा धार लावून देत. दगडातून उडणारी क्वार्ट्झची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि कायमचे व्रण करते, ज्याला आपण सिलिकोसिस म्हणतो. त्यापासून बचाव करण्याची कसलीही सोय तिथे नव्हती.

छिद्रात सुरुंगाची दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू खरं तर फार वेगाने जळते, इतकंच. त्यातून निघणारा वायू दगडाला रेटतो. ग्रॅनाइट त्या रेट्याला सहज दाद देत नाही; कधी कधी तर दारूचा भडका छिद्रातून बाहेर फेकला जायचा आणि दगड जागच्या जागी राहायचा. म्हणून 1867 मध्ये नायट्रोग्लिसरीन आलं. त्याचा रेणूच फुटतो, आणि स्फोटाची लाट सेकंदाला 7 किलोमीटरहून अधिक वेगाने पसरते. खोदाईचा वेग साधारण दीडपट झाला. पण हा तेलकट द्रव धक्क्यानेही उडतो. 1866 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या पेटीचा स्फोट होऊन माणसं मेली होती, त्यामुळे त्याची वाहतूक नको झाली. मग जेम्स हाउडन हा रसायनतज्ज्ञ बोगद्याजवळच ते रोज ताजं बनवू लागला. ते साधारण 13 अंश सेल्सिअसला गोठतं, आणि काम तर बर्फाच्या प्रदेशात! ते कातडीतून शरीरात शिरतं, रक्तवाहिन्या सैल करतं, डोकं ठणकू लागतं. आज हृदयविकाराच्या रुग्णाच्या जिभेखाली ठेवली जाणारी गोळी याच रसायनाची. तिथल्या कामगाराच्या वाट्याला त्यातली फक्त डोकेदुखी आणि भीती आली.

हे लोक बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले, भातशेतीच्या उष्ण, दमट मुलखातले. सिएरा नेवाडात पॅसिफिकवरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि प्रचंड बर्फ ओतते. 1866-67 च्या त्या एका हिवाळ्यात 44 वादळं झाली. झोपड्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. राहत्या जागेपासून बोगद्यापर्यंत बर्फातच भुयारं खोदून लोक ये-जा करत. बर्फाचे कडे कोसळून माणसं वस्तीसकट वाहून जात, आणि काहींची प्रेतं बर्फ वितळल्यावर वसंत ऋतूत सापडली.

एका गोष्टीने मात्र त्यांना तारलं. ते साधं पाणी पीत नसत, उकळून केलेला चहा पीत. सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पिंपांत तो भरायचा आणि कावडीने कामाच्या जागी पोचवायचा. जंतू आणि रोग यांचा संबंध तेव्हा डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हता, पण उकळलेल्या पाण्याने आपलं काम केलं. त्यांच्या जेवणात भात, सुके मासे, भाज्या, समुद्री शेवाळ असे. गोऱ्या कामगारांच्या छावण्यांपेक्षा पोटाचे आजार त्यांच्यात कमी होते.

हे जेवण मात्र त्यांच्या पदरचं होतं. गोऱ्यांना पगाराखेरीज खाणं आणि राहणं मिळे, यांना नाही. 1867 च्या जून अखेरीस हजारो चिनी कामगारांनी एकदम काम थांबवलं. महिना 35 ऐवजी 40 डॉलर आणि बोगद्यात आठच तास काम, ही त्यांची मागणी. कुणी दंगा केला नाही, सगळे आपापल्या वस्तीत शांत बसून राहिले. रेल्वे बांधणाऱ्या कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर याने त्यांचं अन्नधान्यच तोडलं. डोंगरात दुसरीकडून दाणा मिळणं शक्य नव्हतं. आठवड्याभरात संप मोडला. ज्या लोकांच्या जिवावर कंपनी उभी होती त्यांना उपाशी ठेवून तिने कामावर आणलं, हे वाचताना आजही संताप येतो.

किती मेले? कंपनीने मोजलंच नाही. पगाराच्या वह्यांतही बहुधा फक्त मुकादमांची नावं आहेत. मेलेल्याची हाडं मायभूमीत पोचावीत अशी त्यांची रीत होती, म्हणून सोबती थडगी उकरून हाडं चीनला पाठवत. 1870 मध्ये सॅक्रॅमेंटोच्या एका वृत्तपत्राने रेल्वेने आलेल्या अशा 20,000 पौंड हाडांची बातमी छापली आणि ती सुमारे 1,200 माणसांची असल्याचं लिहिलं. ज्यांनी रूळ टाकले त्यांच्यातले हे लोक शेवटी त्याच रुळांवरून परत निघाले होते. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्याची कायद्यानेच बंदी केली, ती 1943 पर्यंत टिकली.

यांतल्या एकाही कामगाराचं पत्र किंवा रोजनिशी आजवर हाती आलेली नाही. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ छावण्यांच्या जागी मातीत सापडणारे वाडग्यांचे तुकडे, नाणी, खेळाच्या सोंगट्या जुळवत बसतात. बोगद्यातले रूळ 1993 मध्ये काढले गेले, आता तिथून पायी जाता येतं. चारही तोंडं जिथे एकमेकांना भेटली तिथे चूक दोन इंचांच्याही आत होती. भिंतीच्या ग्रॅनाइटमध्ये उभ्या चिरलेल्या नळीसारखे अर्धगोल चर अजून दिसतात. पहार फिरवत, घाव घालत पाडलेली ती छिद्रं. त्यांत बोट सहज बसतं.