सॉफ्टवेअरला न दिसणारी भिंत

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, नव्या स्कीमच्या फलकावर हल्ली ‘भूकंपरोधक’ आणि ‘कॉम्प्युटराइज्ड डिझाइन’ हे शब्द दिसतातच. फ्लॅट बघायला आलेल्या माणसाला स्क्रीनवर रंगीत इमारत फिरवून दाखवली, सगळे कॉलम हिरवे दिसले, की गडी खूश. सॉफ्टवेअरने पास केली ना, मग झालं! पण पास झालेली इमारत आणि उद्या उभी राहणारी इमारत एकच आहे का, हे कुणी विचारत नाही.

२०१६च्या भूकंप-संहितेच्या नकाशावर सोलापूर विभाग ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं. १९९३ साली अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३.५६ला किल्लारी हादरली. ते गाव इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा हा विषय आपल्यासाठी परका नाही.

ईटॅब्स, स्टॅड ही सॉफ्टवेअरं ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीवर चालतात. विमानाच्या पंखांचा हिशोब करता करता ही पद्धत आकाराला आली. १९६० साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या रे क्लफ यांनी तिला हे नाव दिलं. अख्ख्या इमारतीचं गणित एकदम सुटत नाही, म्हणून तिचे तुकडे करायचे : प्रत्येक बीम, प्रत्येक कॉलम, स्लॅबचे चौकोन. तुकडे जिथे भेटतात तो नोड. नोड तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती फिरू शकतो, म्हणजे सहा अज्ञात संख्या. दहा मजले आणि मजल्याला २४ कॉलम धरले तर १,४४० अज्ञात, तेवढीच समीकरणं. शाळेत आपण दोन समीकरणं सोडवताना घामाघूम व्हायचो.

पण समीकरणाच्या आत आहे ते शाळेतलंच : स्प्रिंगचा नियम. बल बरोबर ताठरता गुणिले सरकणं. आता खरी गंमत. दोन्ही टोकं पक्की धरलेल्या कॉलमची आडवी ताठरता म्हणजे १२ ई आय भागिले उंचीचा घन. ‘ई’ काँक्रीटचा गुण, ‘आय’ छेदाच्या आकाराचा. ३०० बाय ६०० मिलिमीटरचा, तीन मीटर उंच, एम २५ दर्जाच्या काँक्रीटचा कॉलम घ्या. पातळ बाजूच्या दिशेने ढकलला तर तो एक मिलिमीटर सरकायला साधारण दीड टन बल लागतं. रुंद बाजूच्या दिशेने ढकलला तर सहा टन. तेच सिमेंट, तीच सळई, नुसता कॉलम फिरवला की चौपट! आणि भूकंपाचं बल मजल्यावरच्या कॉलमांत समसमान वाटलं जात नाही. जो जास्त ताठर, त्याच्या अंगावर जास्त.

मग विटांच्या भिंतीचं काय? कॉलम-बीमच्या चौकटीत घट्ट बसलेली भिंत आडव्या धक्क्याला तिरप्या टेक्यासारखी अडवते. विटांच्या दर्जाप्रमाणे आकडा बदलतो, पण चार मीटर रुंद, नऊ इंची भिंतीची ताठरता वरच्यासारख्या दोन-अडीच कॉलमांइतकी सहज भरते (पातळ बाजूने मोजली तर). सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच मॉडेलांत मात्र भिंतीचं फक्त वजन बीमवर टाकलेलं असतं. ताठरता शून्य! वरचे मजले भिंतींनी गच्च आणि खाली पार्किंगला नुसते कॉलम, अशी इमारत स्क्रीनवर तळापासून टोकापर्यंत सारखीच दिसते. प्रत्यक्षात वरचा भाग एका ठोकळ्यासारखा हलतो आणि जवळजवळ सगळं वाकणं पार्किंगच्या कॉलमांवर येतं. २००१च्या भूज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत पार्किंगवाल्या कितीतरी इमारती अशाच बसल्या.

बलाचा आकडाही बदलतो. आयएस १८९३ ही आपली भूकंप-संहिता. तिच्या सूत्राने ३० मीटर उंच नुसत्या चौकटीचा दोलनकाळ, म्हणजे एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ, ०.९६ सेकंद येतो. भिंती भरलेल्या, १६ मीटर रुंद इमारतीचा ०.६८. मध्यम जमिनीवर दोलनकाळ घटला की त्याच प्रमाणात बल वाढतं. इथे सुमारे ४० टक्के. चुकीचं सूत्र निवडलं तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, निमूटपणे हिरवा रंग भरतं.

यात वास्तुशास्त्र येतं. जिना-लिफ्ट नैऋत्येलाच हवी म्हणून काँक्रीटचा लिफ्टचा गाळा एका कोपऱ्यात ढकलला, की ताठरतेचं केंद्र तिकडे जातं, वजनाचं मधेच राहतं, आणि धक्का बसला की इमारत पिळवटते. दिशेचा दोष काढायला गेलं आणि खरा दोष घालून ठेवला! तरी मॉडेलमध्ये हे पिळवटणं निदान दिसतं. मॉडेलमध्ये न घातलेली भिंत दिसतच नाही.

उपाय नवा नाही. २०१६च्या संहितेत भिंतींना तिरप्या दांड्यांच्या रूपाने मॉडेलमध्ये धरायची रीत दिली आहे, आणि खालचा मोकळा मजला ताठ करायला निवडक कॉलमांमधल्या गाळ्यांत काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार सांगितले आहेत. अशी भिंत पायापासूनच उचलावी लागते, म्हणजे ती पार्किंगमधून जाते, म्हणजे एखाद्या गाडीची जागा खाते. ड्रॉइंगवरून ती पहिल्यांदा खोडली जाते ती त्यामुळेच.