ताडपत्रीखाली घामेजलेली ई-बाईक

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. स्कूटरने वरून व्यापलेली जागा साधारण एक चौरस मीटर धरली, तर सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या ई-बाईकवर एका पावसाळ्यात दोन हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. हे पाणी बरंचसं वाहून जातं आणि गाडीचं फारसं काही बिघडवत नाही. खरा उपद्रव होतो तो आत शिरून तिथेच बसलेल्या चमचाभर पाण्याचा. म्हणून पाणी आत येऊ नये याची आपण जितकी काळजी घेतो, तितकीच आलेलं पाणी बाहेर कसं पडेल याचीही घ्यायला हवी. ही दुसरी बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी पाऊस कुठून येतो ते पाहू. ‘वरून’ हे उत्तर मुंबईत अपुरं आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब साधारण ताशी तेवीस किलोमीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढ्याच वेगाने वाहत असेल, तर थेंब ४५ अंशांच्या कोनात पडतो. म्हणजे दोन मीटर उंचीच्या पत्र्याखाली पाऊस थेट दोन मीटर आतपर्यंत पोचतो. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीच्या पूर्वेच्या भिंतीलगत गाडी लावली तर बराचसा मारा भिंतच झेलते. फक्त वळचणीखाली लावू नका. पागोळ्या किंवा फुटक्या पन्हळीची धार तासन्‌तास एकाच जागी, बहुतेकदा नेमकी हँडलवर, पडत राहते. त्यापेक्षा उघड्यावरचा पाऊस परवडला.

आता कंपनीने दिलेल्या आकड्याकडे वळू. बॅटरी आणि मोटरवर बहुतेकदा ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. धूळ आणि पाणी किती अडतं, हे हा आकडा सांगतो. पहिला सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवून घेतलेल्या चाचणीत वस्तू पास झाली आहे. दुसऱ्या जागी पाच असेल (‘आयपी ६५’), तर त्याची चाचणी अगदी वेगळी आहे. तिच्यात ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने पाण्याचा फवारा मारतात. या दोन परीक्षा स्वतंत्र आहेत. बुडवून पास झालेली वस्तू फवाऱ्याला टिकेलच असं ते लेबल सांगत नाही. वॉशिंग सेंटरवर मोठ्या दाबाच्या पाण्याने ई-बाईक धुऊन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माझं मत विचाराल, तर बादली आणि फडकं पुरेसं आहे.

या चाचणीतली एक अट मला सगळ्यात बोलकी वाटते. बुडवण्याच्या परीक्षेत पाण्याचं आणि वस्तूचं तापमान जवळजवळ सारखं असावं लागतं, पाच अंशांहून जास्त फरक चालत नाही. आता घाटकोपरहून दादरपर्यंत ट्रॅफिकमध्ये चालून आलेल्या गाडीचा विचार करा. मोटर आणि तिच्या विजेचं नियंत्रण करणारा कंट्रोलर तापलेले आहेत. त्यांच्या बंद डब्यातली हवा समजा ५५ अंशांवर आहे आणि गाडी उभी करताच जोराची सर आली. डबा झपाट्याने २५ अंशांवर आला. हवाबंद डब्यातली हवा अशी थंड झाली की तिचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. हा फरक जवळजवळ नव्वद सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे गाडी जमिनीवरच उभी आहे, पण तिच्या रबरी सीलवर मात्र कमरेएवढ्या पाण्यात बुडाल्यासारखा ताण येतो. सील नवं असेल तर ते तग धरतं. दोन-तीन उन्हाळे सोसून कडक झालेलं सील वायरीच्या कडेने पाण्याचा एखादा थेंब आत ओढून घेतं. असं रोज थोडं थोडं घडत राहतं.

यावर उपाय म्हणून अनेक बॅटऱ्यांच्या डब्यांना पातळ पडद्याचं एक छोटं छिद्र ठेवलेलं असतं. पडद्याची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की हवा आणि वाफ ये-जा करते, पाण्याचा थेंब मात्र अडतो. दाबाचा प्रश्न त्याने सुटतो, पण वाफ आत जायला वाट मिळते. मुंबईच्या पावसाळी हवेत वाफेला काय तोटा! ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. अशी हवा २७ अंशांच्या खाली गेली की दव धरू लागतं. डिस्प्लेच्या काचेवर आतून येणारं धुकं हेच.

आता ताडपत्रीची गोष्ट. मे संपत आला की निळी ताडपत्री मुंबईत छपरांवर, बाल्कन्यांवर, फळांच्या गाड्यांवर दिसू लागते आणि दुचाकीवरही चढते. भिजून आलेली गाडी आपण तशीच झाकतो आणि चाकांपर्यंत घट्ट गुंडाळून दोरी आवळतो. दुपारी उघडीप मिळते, ऊन पडतं आणि आतलं पाणी वाफ होऊन कोंडतं. संध्याकाळी ताडपत्री थंड झाली की ती वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन चिकटते आणि पुन्हा गाडीवर ठिबकते. बाहेरचा पाऊस अडला खरा, पण आत रोजचा वेगळा पाऊस सुरू झाला. सीटला कुबट वास आणि बुरशी येते तीही यानेच.

त्यामुळे कव्हर घेताना वरून पाणी न शिरणारं, बाजूला वारा खेळायला झडपा असलेलं आणि जमिनीपासून वीतभर वर राहणारं घ्यावं. पोटाखालून बांधायचा पट्टा हवाच, नाहीतर पहिल्याच वादळी रात्री ते शेजारच्या गाडीवर सापडेल. गाडी आल्या आल्या झाकू नये. फडक्याने पुसून, मोटरची धग जाऊ देऊन मग झाकावी आणि उघडीप मिळाली की कव्हर काढून ठेवावं. जमिनीला टेकलेल्या कव्हरखाली उंदीर मजेत संसार थाटतात आणि त्यांना वायरी आवडतात, हेही एक कारण.

पाणी अडकलं तर नेमकं बिघडतं काय? शुद्ध पावसाचं पाणी विजेचं फार कमी वहन करतं. त्यात मीठ मिसळलं की चित्र पालटतं. समुद्राच्या पाण्याची वाहकता पावसाच्या पाण्याच्या शेकडो पटींनी जास्त असते. कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये असं खारट पाणी साचलं आणि तिथे बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज) असला, तर पाण्यातून सतत बारीक करंट वाहतो. धन बाजूच्या पिनेचं तांबं विरघळत जातं आणि त्या जागी हिरवट पूड दिसू लागते. पुढे गाडी मध्येच बंद पडते, थ्रॉटलला प्रतिसाद देत नाही, आणि कोरडी झाली की शहाण्यासारखी चालते. मेकॅनिकपुढे तर हटकून चालते.

वरळी, माहीम, वर्सोवा, मढ अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हे मीठ हवेतूनच येतं. मिठाची एक खोड घराघरात माहीत आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी धरतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून विरघळू लागतं. जुलैत मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते, त्यामुळे पिनेवर बसलेला खारट थर पाऊस थांबला तरी ओलाच राहतो. त्यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. किनाऱ्याजवळ पावसात उघडे राहिलेले भाग धुऊन निघतात, तर छताखालच्या आणि कव्हरखालच्या भागांवर मीठ साचत जातं. तिथे गाडी झाकून ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. कनेक्टरना मेअखेर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. ते वीज वाहू देत नाही, पण पिना घट्ट बसताना ते बाजूला सरतं आणि भोवती पाण्याला जागा उरत नाही. ज्या वायरी वरून येऊन कनेक्टरमध्ये शिरतात त्यांना शिरण्याआधी खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडतं. ब्रेकच्या डिस्कवर सकाळी दिसणाऱ्या तांबूस गंजाने घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की तो जातो.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. बहुतेक चार्जर घरात वापरायला बनवलेले असतात. खिडकीतून सोडलेलं एक्स्टेंशन आणि त्याच्या बोर्डाला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी ही जुगाडू सोय जिवावर बेतू शकते. बॅटरी निघत असेल तर पुसून घरात आणावी आणि चार्जिंगचं तोंड टॉर्च मारून पाहावं. ओल दिसली तर चार्जर लावायची घाई करू नये. गाडीपाशीच चार्ज करणं भाग असेल तर जागा कोरडी, सॉकेट अर्थिंगचं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. विजेची गळती तेवढी झाली की हा सुरक्षा-स्विच क्षणात वीज तोडतो.

राहिलं तुंबलेलं पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पण हिंदमाता किंवा मिलन सबवेने गुडघाभर पाणी पाहायला तेवढ्या पावसाची कधीच वाट पाहिली नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी येणार असेल, तर गाडी आदल्या रात्रीच उंचावर हलवावी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळात अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरावर समुद्राचं पाणी शिरलं आणि नंतर तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कंपनीच्या सोळा हायब्रिड मोटारी जळाल्या. कंपनीने कारण सांगितलं ते एका कंट्रोल युनिटमध्ये राहिलेल्या मिठाचं. त्याच्या गंजातून साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या लाइनवर शॉर्ट झालं होतं. मोठी लिथियम बॅटरी त्यात दोषी नव्हती.

म्हणून बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का’ म्हणून चालू करून पाहू नका आणि चार्जरला तर मुळीच लावू नका. ती ढकलत किंवा टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या. तोपर्यंत जिन्याखाली किंवा मीटरच्या पेट्यांजवळ उभी न करता मोकळ्यावर, इतर गाड्यांपासून लांब ठेवा. बॅटरी काढता येत असली तरी वाळवायला घरात आणू नका.